आडवी खाच

इसवी सन १९८७ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या अगोदरच्या शुक्रवारी सकाळी, मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौसर या तहसिलीच्या गावी, बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या 'सोमकुवर रेडिओ अँड टेलिव्हिजन' या दुकानात, एका नव्याकोऱ्या रंगीत टीव्हीच्या मागच्या झाकणावर एका पेचाची खाच आडवी आढळली. बाकीच्या सर्व पेचांच्या खाचा उभ्या होत्या. संच मॅग्नोरा कंपनीचा होता. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या संचाविषयी असे विधान करण्याचे कोणाला सुचलेही नसते.

दुकानाचे मालक दादाराव सोमकुवर संचासमोर, म्हणजे वस्तुतः संचाच्या पाठीमागे, उकिडवे बसले होते. खोके नुकतेच उघडलेले होते आणि थर्मोकोलचे पांढरे कण त्यांच्या स्वेटरच्या बाहीला चिकटून राहिले होते. झाकण आणि पेटी यांच्या सांध्यावर डकवलेली कंपनीची कागदी पट्टी अखंड होती. तिच्यावरचा तपासनिसाचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता. खोकेही बंदच आले होते. म्हणजे कारखाना सोडल्यापासून या झाकणाला कोणाचाही हात लागलेला नव्हता. नागपूरहून लोधीखेड्यामार्गे येताना ट्रक हादरला असेल, हे मान्य. पण हादऱ्याने पेच काटकोनात फिरत नाही, आणि फिरलाच तर सैल होतो. हा घट्ट होता. दादारावांनी अंगठ्याचे नख त्या खाचेत घालून पाहिले. खालच्या डाव्या कोपऱ्यातला पेच. अंधारात उतरंडीला धक्का लागावा, आणि एकही मडके पडलेले नसताना कान मात्र फुटण्याच्या आवाजाची वाट पाहू लागावेत, तसे काहीतरी त्यांना झाले. त्यांनी संच जोडून पाहिला. नागपूरचे चित्र आले. रंग एकमेकांत मिसळले नव्हते, कडा सरळ होत्या, आवाजात घरघर नव्हती. चित्रात दोष नव्हता. त्यांनी संच बंद केला आणि पुन्हा पाठीमागे येऊन बसले.

गेली अनेक वर्षे मोहगाव, बोरगाव, लोधीखेडा इथून येणाऱ्या गिऱ्हाइकाला दादाराव प्रथम संचाची, आधी रेडिओची आणि पुढे टीव्हीची, पाठ दाखवीत असत. दुसरा दुकानदार बटण दाबून चित्र दाखवी; दादाराव संच फिरवीत आणि पेचकसाच्या टोकाने एकेका पेचाला स्पर्श करीत सांगत, "हे पाहा. सगळ्या खाचा उभ्या. इथे कोण पाहतो? कोणी नाही. भिंतीकडे तोंड करून ही बाजू जन्म काढते. तिथेही ज्याने पेच आडवा राहू दिला नाही, त्याने आत काय राहू दिले असेल?" हा युक्तिवाद त्यांनी स्वतः रचलेला होता आणि तो त्यांना निर्दोष वाटे. नागपूरला भरलेल्या विक्रेत्यांच्या संमेलनात कंपनीच्या एका अधिकाऱ्याने एक हकीकत सांगितली होती: स्पीकरवरच्या कापडाची वीण चौकटीला समांतर नाही म्हणून मूळ मालकांनी एकदा गाडीभर रेडिओ परत फिरवले होते. टाळ्या पडल्या होत्या. दादारावांनी टाळी वाजवली नव्हती. दुकानात परतून त्यांनी सर्व संचांच्या कापडाची वीण पट्टी लावून तपासली होती. ती समांतर होती. त्यानंतर कुठलाही मॅग्नोरा दुरुस्त करून देताना ते प्रत्येक पेच पुन्हा उभा करीत. दुरुस्तीला आलेला माणूस ताटकळे, बस चुकेल म्हणे, आणि दादाराव म्हणत, "आला तसा गेला पाहिजे."

हा संच पांढुर्ण्याच्या बुद्धविहाराचा होता. विहाराला जोडून वस्तीने एक वाचनकक्ष बांधला होता. सव्वीस जानेवारीला त्याचे उद्घाटन व्हायचे होते, आणि त्याच सकाळी दिल्लीचे संचलन सर्वांनी एकत्र बसून रंगीत पाहायचे असे ठरले होते. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायांपासून नगरपालिकेतल्या शिपायांपर्यंत सर्वांनी वर्गणी दिली होती. कोणत्या कंपनीचा संच घ्यायचा या प्रश्नावर डिसेंबरात सभा झाली होती. समितीचा सचिव गुणवंता रामटेके हा दादारावांच्या पत्नीचा सख्खा भाऊ, आणि मेहुण्याला चारचौघांत उभा आडवा घेण्याचा आपला हक्क त्याने कधीही सोडलेला नव्हता.

"नागपूरची थे दुसरी कंपनी स्टॅबिलायझर फुकट देऊन राहिली," गुणवंता म्हणाला होता, "अन् आमचे जवाईबुवा म्हणते मॅग्नोराच घ्या. काहून? तं म्हणे पेच उभे हायेत! अवो, आपन टीवी समोरून पाहाचा का मांगून?"

सभा हसली होती. दादाराव हसले नव्हते. ते उभे राहिले होते, आणि ज्या मराठीत ते घरी कधीच बोलत नसत त्या मराठीत त्यांनी वाचनकक्षाच्या अर्ध्या बांधलेल्या भिंतींसमोर सांगितले होते की, आपल्या लोकांच्या वाट्याला आजवर जी वस्तू आली ती उरलेली, निवडून टाकलेली, दुसऱ्या प्रतीची आली. ही एक कंपनी अशी आहे की जी मंत्र्याला देते तोच संच सौसरच्या मजुराला देते. तिच्याकडे दुसरी प्रतच नाही. "याची हमी मी देतो. कंपनी देते ती वेगळी." मग देवकाबाई बोलल्या होत्या. त्या वस्तीतल्या सर्वांत वृद्ध. संत्र्यांच्या पेट्या भरण्याच्या कामात त्यांचा सारा जन्म गेला होता. "दादाराव म्हनते तं घेऊन टाका," त्या म्हणाल्या होत्या. "चिंधूचा पोरगा हाय थो. पन बापू, खोटा निंगाला तं म्या कंपनीले कुठं शोधत फिरू? तुलेच धरीन." लोक पुन्हा हसले होते. त्या बोलण्याचा पूर्वार्ध दादाराव महिनाभर मनात मिरवत होते. या सकाळी प्रथमच उत्तरार्ध ऐकू आला.

चिंधूचा पोरगा. पांढुर्णा स्टेशनच्या मालधक्क्यामागे संत्र्यांचे ढीग पडत. चिंधू सोमकुवर, म्हणजे दादारावांचे वडील, पेट्या भरणाऱ्यांत नावाजलेले होते; नावाजलेले होते ते वरच्या थरासाठी. खाली तणसाचा बिछाना, त्यावर बारकी, सुरकुतलेली, एका अंगाने हिरवी राहिलेली फळे, मध्ये मध्यम, आणि सर्वांत वर चिंधूच्या हातचा थर: एकसारख्या आकाराची, देठ खाली आणि चकचकीत बाजू वर अशी, एकमेकांना अडवून बसवलेली संत्री. व्यापारी हाक मारीत, "चिंधू, थर लाव." वडील उपरण्याच्या टोकाने प्रत्येक फळ पुसत. त्या पुसण्यात इतकी माया असे की लहान दादारावांना खालच्या फळांची दया येई. "बाबा, खाली बारके काहून?" असे त्यांनी एकदा विचारले होते. वडील म्हणाले होते, "दिल्लीवाल्याले वरूनच पाहाची सवय हाय, बापू." आणि हसले होते. त्या हसण्यात लाज होती की नव्हती याचा निर्णय दादारावांना पुढच्या चाळीस वर्षांत करता आला नाही. सालीतल्या तेलाने वडिलांची बोटे कायम पिवळी असत. रात्री त्यांनी डोक्यावर हात ठेवला की केसांना वास येई, गोड आणि किंचित झोंबणारा. नागपूरच्या दुरुस्ती वर्गात पहिल्यांदा मॅग्नोराचा रेडिओ उलटा करून समोर ठेवला गेला तेव्हा दादारावांना, कोणतेही कारण नसताना, तो वास आला होता. इथे वरचा थर नव्हता. इथे पेटी खालूनही तशीच भरलेली होती. तो तरुण मनुष्य त्या दिवशी एका वस्तूच्या प्रेमात पडला असे म्हणता येईल. पण त्याला स्वतःला वाटले की तो एका सिद्धान्ताला येऊन मिळाला.

"अजी, भाकर थंडी होऊन राहिली. काय पाहून राहिले त्या डब्ब्याच्या पाठीत?"

शकुंतला दारात उभी होती. दुकानाच्या मागेच घर होते.

"हा पेच पाह्य."

"पाह्यला. मंग?"

"आडवा हाय."

"मंग उभा करा ना. हातात पेचकस तं हाय."

दादारावांच्या हातात खरोखरच पेचकस होता. तो केव्हा उचलला गेला हे त्यांना आठवेना. पाव वळसा. ना पट्टी फाटली असती, ना कोणाला कळले असते. त्यांनी पेचकस काउंटरवर ठेवला. "मी उभा केला तं तो कंपनीनं केला असा अर्थ होत नाही, शकुंतला."

"अवं माय! पेच काय कोर्टात साक्ष देऊन राहिला का?"

"साक्षच हाय ती. वीस वर्षं मी तीच साक्ष काढून राहिलो लोकायच्या पुढं."

शकुंतलेने पदर खोचला आणि संचाकडे नीट, वधूपरीक्षा करावी तसे, पाहिले. "माह्या बापानं पारखून पारखून नवरा पाह्यला होता," ती म्हणाली. "त्यातबी एखादा पेच आडवा निंगालाच. म्या वापस केला का? चाला, जेवा."

ते जेवले, पण वाद जेवला नाही. भाकरीचा तुकडा मोडताना त्यांच्या मनात दोन वकील बोलत होते. एक म्हणत होता: एका पेचाने कंपनी खोटी ठरत नाही. दुसरा म्हणत होता: मग सर्व उभ्या पेचांनी ती खरी तरी कशी ठरली होती? एक म्हणत होता की चित्र चांगले आहे. दुसऱ्याने त्यावर फक्त दुकानाच्या कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवले. त्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात दादाराव मॅग्नोराचे जळालेले भाग टाकीत असत. बहुतेक भाग एकाच जातीचे होते: चित्रनळीला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला कारागीर ईएचटी म्हणतात. पहिल्या रंगीत संचांत तो पुन्हा पुन्हा जळे. गिऱ्हाईक तक्रार करी आणि दादाराव म्हणत, "आपल्याकडचं व्होल्टेज." ते खोटे नव्हते; सौसरला संध्याकाळी दिवा कधी काजव्यासारखा होई, कधी डोळे दिपवी. पण त्याच तारेवर, त्याच गल्लीत, दुसऱ्या कंपन्यांचे संचही चालत होते, आणि त्यांचा असा डबा भरला नव्हता. हे दादारावांना माहीत होते. माहीत असणे आणि मान्य असणे यांच्यामध्ये त्यांनी इतकी वर्षे तो डबा ठेवला होता. आज त्यांनी झाकण उघडले. जळक्या राळेचा वास आला. काळे, फुगलेले, तडकलेले ते भाग तणसातल्या फळांसारखे एकमेकांवर पडलेले होते, आणि दादारावांच्या मनात जे वाक्य उमटले ते त्यांना ऐकायचे नव्हते: पाठीवरचे उभे पेच हाच या कंपनीचा वरचा थर असेल तर? रोज संध्याकाळी ते घरी वंदना म्हणत. त्यात धम्माचे एक लक्षण असे सांगितले आहे की तो 'या आणि पाहा' असे म्हणू शकतो. ही ओळ त्यांना सर्वांत प्रिय होती. आणि आयुष्यभर 'या आणि पाहा' म्हणत त्यांनी लोकांना तेवढेच दाखवले होते जे स्वतःला पाहायचे होते.

दुपारी ते डाकघरात गेले आणि नागपूरच्या सेवाकेंद्राला फोन लावला. बराच वेळ बसावे लागले. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि बैलांच्या अंगावर पांढरे पुंजके अडकले होते. शेवटी कंपनीचे इंजिनिअर मुकुंद यांचा आवाज आला. तरुण, हसरे गृहस्थ. वर्षातून दोनदा सौसरला येत, आणि दादारावांच्या दुकानाला नागपूरच्या कचेरीत 'हायकोर्ट' म्हणत.

"पेच? कसला पेच, सोमकुवरजी?"

"मागच्या झाकणाचा, साहेब. खालचा डावा. खाच आडवी आहे. पट्टी शाबूत आहे."

"बरं. सैल आहे का?"

"घट्ट आहे."

"मग अडचण काय आहे?"

"साहेब, खाचा उभ्या ठेवण्याचा कंपनीचा नियम आहे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यात कुत्सितपणा नव्हता. "असा काही नियमच नाही हो. पेच घट्ट असावा, एवढंच आहे. उभा, आडवा, तिरपा, कंपनीला काय त्याचं? तुम्हाला खरं सांगू? मी ट्रेनिंगला मुंबईला होतो ना, तेव्हा शेवटच्या टेबलावर जयवंता म्हणून एक बाई झाकणं लावायच्या. रेडिओच्या काळापासून तिथेच. त्यांना आडवा पेच पाहवत नसे. सुपरवायझर हसायचे. वेळ जातो म्हणून एकदा त्यांना मेमोसुद्धा मिळाला होता म्हणतात."

"मेमो?"

"मेमो. गेल्या दिवाळीत रिटायर झाल्या. त्यांच्या जागी कोणी नवी मुलगी बसते आता. तिला विचारायला जाऊ का, तुम्ही पेच आडवा का ठेवला म्हणून?"

"आणि ती स्पीकरच्या कापडाची हकीकत? गाडीभर रेडिओ परत केल्याची?"

"ती मी पण संमेलनातच ऐकली, सोमकुवरजी. कारखान्यात कोणाला आठवत नव्हती." मग आवाज जरा खाली आला. "आता विचारताच आहात तर तेही सांगतो. ईएचटीची ती जुनी बॅच कच्चीच होती. आता बदललीय, आता चांगली आहे. पण तुम्ही बिचाऱ्या व्होल्टेजला फार बदनाम केलंत."

दुकानाकडे परतताना दादारावांना रस्ता ओळखीचा वाटला नाही. पानठेला, सायकलचे दुकान, शाळेची भिंत, सर्व आपापल्या जागी होते, पण कोणीतरी त्यांना पाव वळसा दिला होता. ज्या वास्तूत ते वीस वर्षे राहिले तिचा पाया एका बाईची सवय हा होता. कंपनीने तिला मेमो दिला होता. कंपनीने जिच्यासाठी मेमो दिला तीच गोष्ट दादाराव कंपनीचा गुण म्हणून विकत होते. आता विहारात जाऊन काय सांगायचे? संच परत पाठवावा, तर सोमवारी वाचनकक्षाच्या रिकाम्या टेबलासमोर सारी वस्ती बसेल. पेच फिरवून न्यावा, तर वरचा थर लावणारा दुसरा सोमकुवर जन्माला येईल, आणि याच्या बोटांना संत्र्याचा वासही नसेल. वडिलांना निदान पोट होते, मालक होता, हुकूम होता. मला कोणी सांगितले आहे?

दुकानात येऊन ते पुन्हा संचाच्या मागे बसले. दुपारचे ऊन दारातून तिरपे आत आले होते आणि पेचांच्या माथ्यांवर पडले होते. उभ्या खाचांत सावलीची एकेक बारीक रेघ होती आणि त्या एका खाचेत मात्र उजेड भरला होता. मला कोणी सांगितले आहे, हा प्रश्न अजून त्यांच्या कानांत होता. तो ऐकता ऐकताच, वाक्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे यावे तसे, त्यांना काहीतरी दिसले. जयवंताबाई दिवाळीत गेल्या. हा संच दिवाळीनंतरचा. शिक्क्यावर महिना होता. मग बाकीचे पेच कोणी उभे केले? नियम नाही. उलट मेमोचा इतिहास आहे. नव्या मुलीला कोणी सांगितलेले नाही. सांगितले असेल तर न करण्याविषयीच सांगितले असेल. तरीही तिने वरचे उभे केले, उजवे केले, मधले केले, आणि या कोपऱ्याशी येताना पट्टा सरकला असेल, किंवा कोणी हाक मारली असेल, किंवा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला असेल. तिचा एक राहिला. यंत्राने हे केले असते तर एकही राहिला नसता. कोणालाच पर्वा नसती तर इतके जुळले नसते. खरी साक्ष या आडव्या पेचाची होती. तो नसता तर उरलेल्या पेचांना मी कंपनीचा नियम समजत राहिलो असतो, आणि त्यांच्यामागचा हात मला मरेपर्यंत दिसला नसता. काम शिकताना जयवंताबाईंच्या शेजारी बसून तिने हे पाहिले असेल. काही न बोलता उचलले असेल. म्हणजे त्या कारखान्यात, कंपनीच्या नकळत, जवळजवळ कंपनीच्या विरोधात, कोणीतरी पाठीची बाजू सांभाळत होते. दादारावांनी चष्मा काढला. डोळे पुसण्यासारखे झाले नव्हते. पण चष्मा पुसावासा वाटला. मग त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, पिशवीत घातला, आणि पेचकस ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद केला.

शनिवारी सकाळच्या बसला कंडक्टरने खोक्याकडे पाहिले आणि नंतर दादारावांकडे. "छतावर टाका हे."

"छतावर जाणार नाही. टीव्ही आहे."

"मंग टिकट लागीन त्याचं. फुल. हाफ चालनार नाही."

"फुल द्या. आणि खिडकीपाशी ठेवू द्या."

"खिडकी कायले? त्याले बाहेर पाहाचं हाय का?" मागची बाके हसली. दादाराव खोक्याला टेकून बसले. मोहगावचा फाटा गेला. संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या, झाडांच्या पोटात अजून काही पिवळे ठिपके होते. प्रत्येक खड्ड्याला ते खोक्यावरचा हात घट्ट करीत आणि स्वतःशी वाक्ये जुळवीत. देवकाबाई म्हणाल्या होत्या, तुलेच धरीन. धरू दे. चाळीस वर्षे मनात बाळगलेल्या त्या हसण्याविषयी त्यांना वाटले, की बाबांना लाज होती. म्हणूनच ते प्रत्येक फळ पुसत. खालची पुसण्याची त्यांना मुभा नव्हती.

वाचनकक्षात ओल्या चुन्याचा वास होता. अँटेना उभी राहिली, तार आत आली, गुणवंताने टेबलावर निळे कापड अंथरले. समितीची माणसे सतरंजीवर बसली. देवकाबाई भिंतीला टेकल्या. दादारावांनी संच टेबलावर ठेवला, बटण दाबले, आवाज सुरू झाला. आणि त्यांनी संच उलटा फिरवला. चित्राचा उजेड भिंतीवर पडू लागला. समितीसमोर संचाची पाठ होती.

"जवाईबुवा," गुणवंता म्हणाला, "आता भितीले टीवी दाखवता का?"

"थांब गुणवंता. आधी ही बाजू." आणि दादारावांनी सर्व सांगितले. पुस्तकी मराठीत सुरुवात केली, पण जयवंताबाईंच्या मेमोपाशी येईतो ती भाषा गळून पडली. "म्या तुमाले म्हनलं होतं का या कंपनीत दुसरी प्रतच नाही. थे खरं नाही. हे पाहा." डबा त्यांनी सतरंजीवर ओतला. काळे भाग खडखडत पडले. "एवढे जळाले. दोष व्होल्टेजचा नव्हता, मालाचा होता. आता सुधारला म्हनते. म्या अजून पाह्यलं नाही. पेचाचा नियम कंपनीचा नाही, एका बाईचा होता. थे गेली. आता नवी पोरगी हाय, अन् तिचा हा एक राहून गेला. हमी म्या देल्ली होती. संच ठेवाचा का वापस कराचा, तुमी ठरवा. वापस केला तं नेन्याचं काम माह्यं."

संच भिंतीशी बोलत होता. कापसाच्या भावाविषयी काहीतरी.

गुणवंता उठून संचाजवळ आला, वाकला, आणि त्या पेचाकडे बराच वेळ पाहत राहिला. तो आता काय म्हणेल याची सर्वांना कल्पना होती, म्हणून तो काही म्हणाला नाही तेव्हा सगळे सावरून बसले. "म्हनजे तिथंबी मानसंच हायेत," तो शेवटी म्हणाला. "म्या समजत होतो जवाईबुवायचे देव बसते तिथं." मग: "बिघडला तं?"

"बिघडला तं म्या हाय."

"अन् तुमी बिघडले तं?"

"तुही बहीन हाय दुरुस्तीले."

हसण्याची लाट भिंतीपर्यंत जाऊन आली. गुणवंताने खिशातून स्वतःचा पेचकस काढला; अँटेनासाठी आणलेला होता. दादाराव एक पाऊल पुढे आले. पण गुणवंताने त्याचे टोक पेचाला टेकवले आणि पुन्हा काढून घेतले. "राहू द्या आडवा. आपला म्हनून ओळखू येईन."

देवकाबाई उठल्या. भिंतीला हात लावत त्या टेबलापाशी आल्या, वाटेत खाली पडलेला एक काळा ट्रान्सफॉर्मर त्यांनी उचलून हुंगला आणि नाक मुरडले. "दादाराव," त्या म्हणाल्या, "थे पोरगी. तिले कोनी सांगतलं होतं का पेच सरळ लावाले?"

"नाही, मावशी."

"जास्तीचे पैसे भेटते का?"

"नाही. भेटला तं मेमो."

"तुह्या बापासंग म्या लय पेट्या भरल्या. गिऱ्हाइकाले खालचा थर आधी दाखवनारा म्या कधी पाह्यला नव्हता." त्यांनी संचाच्या कडेला आपली जुनी, चिरा पडलेली बोटे लावली. "फिरव आता. मले समोरून पाहू दे."

दादारावांनी संच फिरवला. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर जो रंगीत उजेड सांडत होता तो वळून माणसांच्या तोंडांवर आला. पडद्यावर कुठलेसे शेत होते, आणि आभाळ निळे होते. देवकाबाई तशाच उभ्या राहिल्या, पडद्याच्या इतक्या जवळ की त्यांच्या पांढऱ्या केसांना निळी कड आली. त्यांनी कोपरे पाहिले, वरचा, खालचा, खालचा डावा जरा अधिक वेळ. कोणी त्यांना बसा म्हणाले नाही. मग त्या वळल्या.

"कंपनी तू सांगतली तेवढी मोठी नाही," त्या म्हणाल्या. "टीवी चांगला हाय. ठेवा."